सात जण गेले ते नेमके कोणत्या ओळीत? एका रसग्रहणाचा प्रकरण अभ्यास

कोल्हापुरातल्या एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत अकरावी-बारावीच्या मुलांना कुसुमाग्रजांच्या ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या कवितेचं रसग्रहण लिहायला दिलं होतं. माझ्या वर्गातली, नेसरीच्या बाजूच्या गावातून शिकायला आलेली एक मुलगी त्यात बसली होती. तिचं पहिलं वाक्य होतं : ‘ही कविता लढून गेलेल्यांपेक्षा मागं राहिलेल्यांची जास्त आहे.’ परीक्षकांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढून शेरा मारला होता, ‘विषय समजलेला नाही. वीररस स्पष्ट करा.’ पेपर हातात पडल्यावर ती स्टाफरूमच्या दारात आली आणि म्हणाली, “मॅडम, मी चुकीचं लिवलंय व्हय?”

मी तिला तिथल्या तिथं उत्तर दिलं नाही. कविता परत वाचायची आणि उत्तर कवितेतूनच काढायचं असं ठरलं. पुढचे काही तास वर्गानं जे केलं त्याची ही नोंद आहे. युद्धातल्या मरणावरची कविता वाचताना आपण कुठं घाई करतो, ते या एका पेपरात फार स्वच्छ दिसतं.

आधी तिनं काय लिहिलं होतं ते सांगते. तिचे चुलत आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि १९७१ च्या युद्धात गेले. गावात २६ जानेवारीला शाळेच्या कर्ण्यावर हे गाणं लागतं. ते लागलं की तिची चुलत आजी हातातलं काम टाकून परड्यात जाऊन बसते आणि गाणं संपल्यावर आत येते. त्यावर घरात कुणी काही बोलत नाही. मुलीनं हे सगळं दीड पानात लिहिलं होतं, आणि त्यावरून निष्कर्ष काढला होता की कविता शोकाची आहे. लिखाण मनापासूनचं होतं, पण त्या दीड पानात कवितेची एकही ओळ नव्हती. शेरा मारणाऱ्याला निदान एवढं म्हणायला जागा होती की हे आजीचं रसग्रहण झालं, कवितेचं नव्हे. आजीला जे कळतं ते कवितेत खरोखर आहे का, आणि असेल तर कुठल्या शब्दात, कुठल्या यमकात, हा प्रश्न शिल्लक होता.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम होती. माझ्या वर्गात शाहिरीच्या घरातला एक मुलगा आहे. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या या गावात डफ वाजवणारी पोरं अजून आहेत, त्यांतला एक. तो म्हणाला, “मॅडम, पोवाडा माणसाला रडवायला नसतोय, उठवायला असतोय. आणि ह्यो पोवाडाच हाय की.” बहुतेक महाराष्ट्र त्याच्याच बाजूनं उभा राहील. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लता मंगेशकरांचा आवाज कानात बसलेला असल्यामुळे या कवितेची पहिली ओळ उच्चारताच पाठीचा कणा ताठ होतो. ते खोटं नाही आणि मला ते नाकारायचंही नाही.

मग मी त्यालाच फळ्यापाशी बोलावलं आणि विचारलं, ही कविता ज्या लढाईवर आहे त्या नेसरीच्या लढाईवर पोवाडा रचायचा झाला तर त्यात काय काय यायला हवं? त्यानं भराभर लिहिलं : सेनापतीचं नाव, बाकी सहा जणांची नावं, खानाचं नाव, गावाचं नाव, कोण कुणावर तुटून पडला, कुणाला कुठं वार लागला, महाराजांना बातमी कशी कळली, आणि शेवटी शाहिराचं स्वतःचं नाव. यादी अगदी बरोबर होती. अज्ञानदासानं अफजलखानाच्या वधावर आणि तुळशीदासानं तानाजीवर रचलेले शिवकालीन पोवाडे याच रीतीचे आहेत. शाहीर साक्षीदार असल्यासारखा बोलतो, म्हणून त्याला नावगाव सांगावंच लागतं.

आता कविता समोर घ्या. तिच्यात सेनापती प्रतापराव गुजर हे नाव नाही. नेसरी नाही, विजापूरचा आदिलशाही सरदार बहलोलखान नाही. शिवाजी महाराजांचंही नाव नाही, फक्त ‘प्रभू’ अशी हाक आहे. बाकीचे सहा ‘सरदार सहा’ एवढ्यावरच येतात. हे ज्या मुलानं यादी केली त्याच्याच आधी लक्षात आलं. तो थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मग वार तरी कुठं हाईत?” तेही नाहीत. या सात जणांनी एकाही शत्रूला मारल्याचं कवितेत दिसत नाही. तलवारी उसळतात त्या ‘सहस्र क्रूर इमानी’, म्हणजे ज्यांच्या गर्दीत हे शिरले त्यांच्या. शत्रूच्या समशेरीला कवी ‘क्रूर’ म्हणतो आणि लगेच ‘इमानी’ही म्हणतो. समोरचेही आपल्या धन्याचं मीठ खाऊनच उभे आहेत, हे एका विशेषणात सांगून तो पुढं जातो. निव्वळ वीरश्रीसाठी लिहिणाऱ्याला हे विशेषण सुचलं नसतं, असं मला वाटतं.

इथं थोडा इतिहास आणावा लागतो, कारण वर्गात तो आणला गेलाच. १६७३ मध्ये उमराणीजवळ प्रतापरावांनी बहलोलखानाला कोंडलं, जेरीस आणलं आणि तो शरण आल्यावर जाऊ दिलं. सभासदाच्या बखरीप्रमाणे महाराजांनी त्यावर विचारलं, ‘सला काय निमित्य केला?’ म्हणजे तह कशासाठी केला. खान पुन्हा उलटला. २४ फेब्रुवारी १६७४ ला, राज्याभिषेकाला जेमतेम साडेतीन महिने राहिले असताना, आजच्या गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीजवळ प्रतापराव पडले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये इंग्रजांकडे गेलेल्या नारायण शेणव्याच्या (हा इंग्रजांचा दुभाषा) पत्रात दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत ते आणि आणखी सहा स्वार मारले गेल्याची बातमी आहे. बाकीच्या फौजेची कुमक त्यांना मिळाली नाही, असंही ते पत्र म्हणतं. पुढच्या काळात सहा जणांची नावं सांगितली जाऊ लागली. त्या समकालीन पत्रात आहे तो नुसता आकडा.

म्हणजे उमराणीला प्रतापरावांचा दोष होता तो शत्रूला सोडून देण्याचा. कवितेतला दोष वेगळा आहे. तिथं सेनापतीला आलेल्या पत्रात ‘रण सोडूनी’ सैन्य पळाल्याचा टोमणा आहे, आणि सेनापतीही ‘गनिमांना पाठ’ दाखवल्याची कबुली देतो. इतिहासाचे मास्तर याला चूक म्हणतील. मला हा कवीनं केलेला बदल महत्त्वाचा वाटतो. शरण आलेल्याला सोडणं ही राजकारणातली चूक, तिच्यावर वाद घालता येतो, तिचा हिशेब पुढच्या लढाईत चुकता करता येतो. पाठ दाखवली म्हटल्यावर मात्र प्रश्न लाजेचा होतो, आणि लाज वाद घालू देत नाही. कवितेतल्या माणसाला मरणाशिवाय वाट उरू नये म्हणून कवीनं त्याचा गुन्हा बदलला. मागच्या फौजेलाही त्यानं एका ओळीत आटोपलं : ‘आश्चर्यमुग्ध टाकून मागुती सेना’. शेणव्याच्या पत्रात जे न मिळालेल्या कुमकेचं दुखणं आहे, ते इथं नुसतं बघत राहणं झालं आहे.

आता कवितेच्या घडणीकडे येते, कारण मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथं आहे. ओळ मोजून बघा. ‘खालून आग, वर आग, आग बाजूंनी’ : ‘खा’च्या दोन मात्रा, मग आठ, मग परत आठ, आणि शेवटी ‘जूंनी’च्या चार. एकूण बावीस. सगळ्या ओळी साधारण याच मापाच्या. सुरुवातीच्या त्या दोन मात्रा रिकिबीत पाय ठेवून उडी घ्यावी तशा आहेत, नंतर आठ-आठांची दौड. प्रत्येक कडव्यात (एक अपवाद सोडून) पहिल्या तीन ओळींचं एक यमक आणि चौथी ओळ ‘सात’शी जुळणारी : रात, जात, पात, करात, निमिषात, दर्यात, वणव्यात, गात. या चौथ्या ओळीत शेवटचा ‘त’ उच्चारताना जीभ दातांवर आपटून थांबते, मात्राही एक कमी भरते आणि ती आपण थांबून भरून काढतो. दौडणारं वृत्त दर कडव्याला एकदा असं आपटतं.

पहिल्या तीन ओळींच्या यमकांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती वर्गात मोठ्यानं वाचल्यावरच ऐकू आली. सेनापती पत्र वाचून आतल्या आत जळतो आहे त्या कडव्यांत यमकं बंद आहेत : दील, शील, ओठ, गाठ, काठ, पाठ, शिबिरात. दात ओठांवर दाबलेले असताना माणूस बोलेल तशी. ज्या कडव्यात डोळे ओलावतात आणि सहा सरदार शेले सावरून उठतात, तिथून ही यमकं मोकळी होतात : ओले, शेले, भाले. मग सेना, माना, गनिमांना. मग बाजूंनी, इमानी, मानी. मग टाचा, रक्ताचा, मातीचा. तोंड एकदा उघडलं ते शेवटपर्यंत मिटत नाही. (पत्रातल्या टोमण्याच्या कडव्यातही वार्ता, पळता, आता अशी मोकळी यमकं आहेत. पण तो आवाज पत्र लिहिणाऱ्याचा आहे, जळणाऱ्याचा नव्हे.) आकांत आणि हाळी, दोन्ही उघड्या तोंडानंच घालतात. वीर आणि करुण इथं एकाच आवाजातून कसे निघतात ते मला या यमकांतून कळतं.

आणि आता तो शोध, जो मुलीनं स्वतः लावला. कवितेच्या झेरॉक्सवर मी सगळ्यांना ‘सात’ या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल करायला सांगितलं होतं, ध्रुपद सोडून, फक्त कडव्यांतल्या ‘सात’भोवती. गोल असे पडले : धुळीचे मेघ सात, सात माना, सात उल्का, सात जीव, सात खग. दौड सुरू झाल्यावर हा आकडा एकेका ओळीत रूप बदलत जातो. धूळ, मग मान, मग तारा, मग नुसता जीव, मग पक्षी. माणूस म्हणून ते शेवटचे दिसतात ते माना अर्पण करताना. मरणाची क्रियापदं बघा : कोसळल्या, लोपले, जळाले. ‘मेले’ नाही, ‘पडले’ नाही. शिवाय उल्का कोसळतात आणि पक्षी जळतात, जीव तेवढे लोपतात, तेही गर्दीत. देह कुठंच दिसत नाही. कुणी तो उचलून आणला, कुणी अग्नी दिला, काही नाही.

तिनं कागद माझ्यापुढं धरला. शेवटच्या कडव्यात एकही गोल नव्हता.

“मॅडम, हितं सातच न्हाईत,” ती म्हणाली. आणि मग थोड्या वेळानं, “आणि ढग बी एकच ऱ्हायलाय.”

हे मी इतकी वर्षं शिकवताना कुणाही विद्यार्थ्याकडून ऐकलं नव्हतं. निघताना ‘धुळीचे मेघ सात’ उसळतात, प्रत्येक घोड्यामागं एक. शेवटी क्षितिजावर उठतो तो ‘मेघ मातीचा’, एकवचनी. सातांचा एक झाला आणि धुळीची माती झाली. धूळ घोड्याच्या टापेनं उडते. माती हा शब्द आपण मराठीत कशासाठी वापरतो ते गावाकडच्या मुलीला सांगावं लागत नाही. मातीला जाणं म्हणजे काय ते तिला ठाऊक आहे. कवीनं ज्यांचा अंत्यविधी दाखवला नाही, त्यांची माती त्यानं अशी क्षितिजावर केली आहे.

त्याच कडव्यात काळही बदलतो. तिथवर बहुतेक कथा भूतकाळात झालेली : चढली, उसळले, शिरले, जळाले. शेवटच्या कडव्यात दिसतील, तरंगे, उठतो, आणि तीन वेळा ‘अजुनी’, शिवाय शेवटी ‘अद्याप’. लढाई निमिषात संपली, पण तिच्यानंतरचं संपत नाही. आणि कवितेची शेवटची ओळ : ‘अद्याप विराणी कुणि वाऱ्यावर गात’. विराणी हा विरहिणीच्या गाण्याचा प्रकार, ज्ञानेश्वरांच्या नावावर त्या आहेत. दूर गेलेल्याची वाट बघणाऱ्या बाईच्या तोंडची ती रचना. तोवर या कवितेत बाईचा उल्लेख एकदाच आला आहे, तोही पत्रातल्या टोमण्यात, घरोघरच्या ‘अबला’ लाजतील म्हणून. शेवटची ओळ मात्र त्या बाईच्या गाण्याला दिली आहे. तिचंही नाव नाही, फक्त ‘कुणि’. पोवाड्याच्या शेवटी शाहीर आपलं नाव घालतो त्या जागेवर इथं नाव नसलेली कुणीतरी गाते आहे.

म्हणजे परड्यात जाऊन बसणाऱ्या आजीला जे कळलं होतं ते कवितेत होतं, शेवटच्या ओळीत, लिहिलेलं.

वर्गातल्या एकीनं या टप्प्यावर विल्फ्रेड ओवेन या इंग्रज सैनिक-कवीच्या एका सुनीताची, म्हणजे सॉनेटची, आठवण काढली, क्लासमध्ये तिला ते इंग्रजीत होतं. पहिल्या महायुद्धात जखमी मनानं एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात असताना, १९१७ मध्ये, त्यानं ‘अँथम फॉर डूम्ड यूथ’ लिहिलं. चौदा ओळी. गुरांसारख्या मरणाऱ्यांसाठी चर्चची घंटा कुठली, असं विचारून पहिल्या आठ ओळींत तोफा, बंदुका, तोफगोळ्यांचा विलाप यांचा गदारोळ. नंतरच्या सहांत आवाज जवळजवळ बंद होतो आणि मुलांचे डोळे, मुलींचे फिकट चेहरे, घरोघर संध्याकाळी खाली ओढले जाणारे पडदे येतात. ओवेनच्या आधीच्या खर्ड्यात ‘आपल्या’ तोफा होत्या, नंतर त्यानं नुसत्या ‘तोफा’ केल्या. आपल्या-परक्यांचा हिशेब त्यानं काढून टाकला. ‘क्रूर इमानी’ वाचताना मला त्या खोडलेल्या शब्दाची आठवण होते. तो स्वतः ४ नोव्हेंबर १९१८ ला, युद्धबंदीच्या बरोबर आठवडाभर आधी मारला गेला. तार त्याच्या आईवडिलांना ११ तारखेला मिळाली, तेव्हा गावात युद्ध संपल्याच्या घंटा वाजत होत्या.

दोन्ही कवितांची चाल सारखी आहे : आधी रणाचा आवाज, मग घराकडची बाजू. फरक प्रमाणाचा आहे. ओवेन चौदांतल्या सहा ओळी घराला देतो. कुसुमाग्रज एकच कडवं देतात, आणि त्यातही बाई शेवटच्या ओळीत येते. म्हणून मराठी वाचकाला ती बाजू सहज सुटते. गाण्यात तर ध्रुपद परत येतं आणि विराणीनंतर लगेच पुन्हा घोडे दौडू लागतात.

मग परीक्षक चुकले का? अर्धे. वीररसाचा स्थायीभाव उत्साह आणि करुणाचा शोक, हे भरतापासून चालत आलेलं आहे. ‘वणव्यात’ या शब्दापर्यंत कविता उत्साहावर चालते, यात शंका नाही. तिनं ते लिहायला हवं होतं आणि लिहिलं नव्हतं. पण ‘विषय समजलेला नाही’ हा शेरा मला मान्य नाही. शेवटच्या कडव्यात उत्साहाचा एक शब्द नाही, आणि कवितेचं शेवटचं कडवं वगळून रसग्रहण करता येत नाही. शोकाचं नाव घेतलं की शौर्याचा अपमान होतो, ही भीती त्या शेऱ्यामागं असावी. कोल्हापूर, सातारा, सांगली या भागात घराघरांतून माणूस फौजेत आहे. इथं ही भीती मी समजू शकते. पण ज्या घरातून माणूस गेला त्या घरात ती भीती नसते, हेही मी या मुलीकडून शिकले.

तिनं रसग्रहण पुन्हा लिहिलं. आता पहिल्या परिच्छेदात वृत्त आणि चौथ्या ओळीतला ‘त’ आला. दुसऱ्यात ‘सात’चा प्रवास, मेघ सातांपासून मेघ मातीच्यापर्यंत. तिसऱ्यात क्रियापदं आणि काळ. आजी शेवटी आली, दोनच वाक्यांत. पहिलं वाक्य तिनं बदललं नाही, आणि मीही बदलायला सांगितलं नाही. आता त्याच्यामागं पुरावा होता. स्पर्धेचा निकाल तोच राहिला, फेरतपासणीची सोय नव्हती. माझ्या वहीत मी तिला वर्गातले सगळ्यात जास्त गुण दिले.

शाहिराच्या घरातल्या मुलानं मात्र हार मानलेली नाही. त्याचा मुद्दा आता ‘वेडात’ या पहिल्या शब्दावर आहे. तो म्हणतो, ‘वेड’ हे कौतुक आहे, तुकारामाला पंढरीचं वेड होतं तसं. ती म्हणते, असं वेड मागं राहिलेला माणूसच म्हणतो, जाणारा स्वतःला वेडा म्हणत नाही. दोघांनाही मी सांगितलं आहे की पुढच्या तासाला आपापला दाखला कवितेतल्या ओळींतून आणायचा, बाहेरचा चालणार नाही.